तिसऱ्या चरणातली मात्रा

तुम्ही वृत्तं-मात्रांना हसता ना, म्हणून सांगतो. आमचे आबा इंदापूरला मराठीचे मास्तर होते आणि त्यांचे दोस्त तात्या लोणी भापकरला. दोघं निवृत्त झाले तरी एकमेकांना जुन्या पंडिती थाटात, आर्या वृत्तात पत्रं लिहायचे. आधी पोस्टानं, आता मोबाइलवर. आलेल्या पत्राच्या मात्रा मोजायच्या, यमक तपासायचं आणि चूक काढून कळवायचं, हा त्यांचा रिवाज.

यंदा तात्यांची बायको गेली. आबांचा पाय प्लास्टरमध्ये, जाता येईना. त्यांनी सांत्वनाची आर्या लिहून पाठवली. तासाभरानं उत्तर आलं, "यमक बरं हाय. तिसऱ्या चरणात एक मात्रा कमी हाय."

मी भडकलोच. "घरात सुतक आणि हा माणूस मात्रा मोजत बसलाय?"

आबा म्हणाले, "मोजू दे. तेवढा येळ तरी ध्यान दुसरीकडं ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी आबांनी नवी आर्या लिहिली आणि मुद्दाम एक मात्रा वाढवली. तात्यांनी लगेच पकडली. मग रोज एक आर्या, रोज एक चूक. कधी यमक फसलेलं, कधी चरण लंगडा. तात्या रोज कान उपटायचे.

तेराव्याला आबा आज कुठं चुकावं याचा विचार करत बसले होते. तेवढ्यात तात्यांचाच निरोप आला.

"पैली चूक खरी हुती. बाकीच्या तू माझ्यासाठी केल्यास. आता नीट लिही."