मोठ्याने आमेन

शिवणकाम करणाऱ्या एक बाई दातांच्या दवाखान्यात गालात कापूस धरून बसल्या होत्या. "तासभर तोंड उघडायचं नाही," असा डॉक्टरांनी दम भरला होता. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या, आणि कान काही बंद करता येत नव्हते.

"ताई, रविवारी तुमच्या चर्चमध्ये म्हणे कुणीतरी ओरडलं?"

"ओरडला नाही गं, आमेन म्हणाला. नवा बसड्रायव्हर आहे. त्याच्या जुन्या चर्चमध्ये उपदेश चालू असताना असंच मोठ्याने म्हणतात."

"आणि तुमच्याकडे शिंक आली तरी माना वळतात!"

"वळल्याच. पाळकसाहेब पुढचं वाक्य विसरले. बिचारा मान खाली घालून बसला. बायको कुजबुजली, चला, निघू या आपण."

"अरेरे! उपदेश होता तरी कशावर?"

"ख्रिस्ताने आपल्याला जवळ केलं, तसं आपणही एकमेकांना जवळ करावं, यावर."

"घ्या! मग कुणी काही बोललं की नाही?"

"मी उठले आणि खणखणीत म्हटलं, आमेन!"

"मला तिथे साधं खोकू देत नाहीस, ती तू?"

"मग मागून एक आमेन आला, आणि बाकंच्या बाकं उठली. ऑर्गनवाल्या आजोबांना ऐकू येत नाही. सगळे उभे दिसले, तसं त्यांना वाटलं उपासना संपली. त्यांनी शेवटचं गीत सुरू केलं! काय गायलो गं आम्ही! ड्रायव्हरचा आवाज तर नुसता हॉर्न!"

"म्हणजे उपदेश अर्धाच राहिला?"

"अर्धा कसला? पुरा झाला."

शिवणकामवाल्या बाईंनी गालातला कापूस काढून हातात घेतला.

"आमेन," त्या म्हणाल्या.