फ्लेक्सवरचा म्हातारा

हसू नका राव, पण आमच्या वडलांचा, दादांचा, सत्कार झाला, तो विसरण्याबद्दल! पेठला हायवेवरचा हाटेलवाला बबनशेठ कुठल्याशा शिबिराला जाऊन आला अन् दारात फ्लेक्स लावला: ‘स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचे आपुलकीने स्वागत.’ पहिलं गिऱ्हाईक म्हणून दादांना शाल, नारळ, फोटो. तो फोटोबी मग फ्लेक्सवर चढला: दादा हसत व्हते, अन् बबनशेठ त्यांच्या दुप्पट.

आठवड्यानं दादांना परत घेऊन गेलो. त्यांनी शेजारच्या टेबलावरची भजी उचलून तोंडात टाकली. झालं! बबनशेठ पळत आला.

“भाऊ, तेंना बाहेर बसवा. गिऱ्हाईक कावतंय.”

“अन् तो फ्लेक्स?”

“फ्लेक्स हाय की! पण असं वागल्यावर कसं जमायचं?”

म्हंजे दादांनी आजार घरी ठेवून यायचं!

बाहेर फ्लेक्सखालीच चहा घेत बसलो. दादांनी वर बघितलं.

“ह्यो कोण रं म्हातारा?”

“ह्या हाटेलात लई मान हाय त्याला, दादा.”

“असं व्हय? मंग त्याचा वशिला लाव की. आपल्यालाबी आत बसू देत्याल.”