सापडलं, पण दाबलं नाही

...नाही, नाही, तुम्हीच सांगा! समोर ढळढळीत दिसणारं बटण 'नाहीच' म्हणून कोण सांगतं? माझा प्रोग्राम! तुम्हाला सांगतो, तळवड्यात आमचं ऑफिस, आणि माझं काम काय, तर माणसाऐवजी प्रोग्रामकडून वेबसाइटची बटणं दाबून घ्यायची आणि ती नीट चालते का ते तपासायचं, म्हणजे टेस्ट. तो बटण शोधतो, धरून ठेवतो, मग दाबतो. सोपं ना? कसलं सोपं राव! मधेच पान स्वतःला पुसून नव्यानं मांडतं... तोच रंग, तीच जागा, आणि हा बोंबलतो, "तुम्ही धरलेलं बटण आता नाही!" अरे, समोर दिसतंय की!

मग मी काय केलं? आम्ही सगळे टेस्टर करतो तेच. प्रोग्रामात मधे 'थांब जरा' असा हुकूम टाकला. फुटली टेस्ट. अजून 'थांब जरा'. परत फुटली! शेवटी आमच्या विजयश्री मॅडम खुर्ची ओढून बसल्या, "सुजित, अरे बाबा, तू आधी शोधतोस, मग थांबतोस, मग दाबतोस! तेवढ्यात पान बदलतं ना! आधी थांब, मग शोध, आणि सापडलं की लग्गेच दाब!"

सापडलं की लगेच... अहो मॅडम, हे जरा आधी नाही का सांगायचं?

कारण स्वरूपा! शेजारच्या खुर्चीतली, राजगुरुनगरची. रोज टपरीवर चहा सोबत, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या हक्काची. एकदा आपणहून म्हणाली, "घरी स्थळं बघतायत रे... तुला काय वाटतं?" आता शोधायचं काय उरलं होतं, सांगा! पण मी? थांब जरा, अप्रेझल होऊन पगार वाढू दे. थांब जरा, पुनावळ्याच्या फ्लॅटचा ताबा मिळू दे. मिळाला! परवा चावी खिशात घालून टपरीवर गेलो, म्हटलं, "स्वरूपा, बोलायचंय." तर ती म्हणते, "मलाही! साखरपुडा ठरला माझा. चाकणला कंपनीत आहे तो." तेच हसू, तोच आवाज, हातात तोच कटिंग... समोर दिसतंय की! पण नाही हो. रडलो मी, खोटं कशाला बोलू, तिथंच, भर टपरीवर. तिचेही डोळे भरले. म्हणाली, "वेड्या, मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

टेस्ट आता चालते, बरं का. स्क्रीनवर सगळं हिरवंगार, मॅडम खूश. काल एकटाच टपरीवर गेलो, चहावाल्यानं सवयीनं विचारलं, "दोन ना, भाऊ?"

म्हटलं, थांब जरा.