घरातलं गोड संपवताना

...आणि वर मलाच विचारतात, तू कशाला मध्ये बोललास! अहो, मी जन्मात कुठे बोलत नाही. सोफ्यांना कापड बसवायचं माझं काम, दिवसभर तोंडात बारीक खिळे धरलेले, बोलणार कसा? गिऱ्हाईक आलं की मालक बोलतात, मी मान हलवतो. पण त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत माझ्या तोंडात खिळे नव्हते, तिथंच घात झाला.

तुम्हाला सांगतो, झालं असं. मी राहतो ताईकडे. ताई, दाजी, दाजींच्या आई आणि माझी भाची. भाचीला घरात चिमणी म्हणतात, जन्मली तेव्हा तेवढीशी होती म्हणून. आता पाचवीत आहे आणि गणवेश नववीच्या मुलींचा लागतो. जिना चढली की धाप, आणि मान मागून काळी पडलेली. आजींना वाटलं मळ, म्हणून रोज साबण लावून घासायच्या, पोर रडायची, मान काही उजळायची नाही... आणि बोलणी कुणाला? पोरीला!

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, तो मळ नाही, साखर काठावर आल्याची खूण आहे, यकृतावरही चरबी धरलीय. घराचं वळण आत्ताच बदललंत तर निभावेल, नाहीतर एवढ्याशा वयात गोळ्या सुरू कराव्या लागतील. आणि बजावून सांगितलं, एकट्या पोरीचं नाही, सगळ्या घराचं बदला, गोडधोड आणि तळलेलं घरात ठेवूच नका.

आता 'ठेवू नका' याचा अर्थ तुम्ही काय घ्याल? आमच्याकडे घेतला, संपवा! टाकून कसं द्यायचं, अन्न आहे ना? त्याच संध्याकाळी चिमणीला दोरीवरच्या उड्या मारायला गच्चीत पाठवलं, आतल्या खोलीचं दार लावलं आणि बसले सगळे... केक, बिस्किटं, वेफर्स, डब्यातलं आईस्क्रीम. वेफर्सचा आवाज जिन्यात जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा केला. आणि जे कुणाला जाईना ते मामाला द्या, मामाच्या अंगाला काही लागत नाही! तेही खरंच, सदरा माझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. मीही खाल्लं. खोटं कशाला बोलू?

बरं, संपलं म्हणजे संपलं ना? कुठलं! शनिवारी दाजी नवा मोठा पुडा घेऊन हजर. त्यांचं म्हणणं, एकदम आणायचं आणि एकदम संपवायचं, घरात राहिलंच नाही, म्हणजे डॉक्टरांचं ऐकलं की नाही? आजींचं दर शनिवारी 'हे शेवटचं'. ताई आधी चिडली, मग दमली, मग तीही एक तुकडा घेऊन बसली. आणि चिमणी घामाघूम होऊन खाली यायची, पाणी प्यायची, काकडी चावत बसायची, आणि आजी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, जरा हळू, किती ते खाणं... काकडी हो! बोलणी कुणाला? पोरीला!

संध्याकाळी तिला चालायला न्यायचं काम माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंतच कशीबशी जायची. पुढे पुढे मीच मागे पडायला लागलो. एकदा चालता चालता हळूच म्हणाली, "मामा, मी गच्चीतून खाली येते ना, तेव्हा आतल्या खोलीतून चॉकलेटचा वास येतो. मी विचारत नाही." बस, एवढंच. पुढे चालायला लागली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरबाई. रक्त आदल्या दिवशीच देऊन आलो होतो. वजनकाट्यावर पोरीला उभं केलं, तर काटा होता तिथंच! दाजी सुरू झाले. बघा डॉक्टर, हिचा जिभेवर ताबाच नाही, आम्ही इतका त्याग करतोय, ही चोरून खात असणार. चिमणी खाली बघत राहिली, बुटाच्या बंदाशी चाळा करत. आणि माझं तोंड रिकामं.

"डॉक्टर, तिनं काही खाल्लं नाही," मी म्हणालो. "आम्ही खाल्लं. दर शनिवारी, दार लावून."

दाजी माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी त्यांच्या सोफ्यावर चाकू फिरवला.

डॉक्टरबाईंनी चिमणीला जवळ घेतलं. म्हणाल्या, उंची वाढलीय, कंबर कमी झालीय, रक्तातली साखर उतरलीय, यकृतही सुधारतंय. नुसत्या काट्याकडे काय बघता, पोरीनं आतून घर आवरलंय, गोळ्या नकोत. ताईला रडू फुटलं. दाजींनी लगेच विचारलं, मग आता थोडं गोड आणायला हरकत नाही ना? तुम्हाला सांगतो, माणसाची कमाल असते!

तेव्हा बाईंनी चष्मा काढला आणि शांतपणे फर्मावलं, उद्या उपाशीपोटी घरातल्या सगळ्यांनी रक्त द्यायला यायचं.

आजींची साखर वाढलेली, दाजींची चरबी वाढलेली, ताई काठावर. आणि सगळ्यात जास्त साखर कुणाची? खुंटीवरच्या सदऱ्याची! मी म्हटलं, बाई, मी तर काडीसारखा आहे. त्या म्हणाल्या, साखरेला ते कळत नाही.

गोळ्या माझ्या सुरू झाल्या. शिवाय रोज तासभर भरभर चालायचं. सोबत कुणी येईल का म्हणून घरात विचारलं, तर दाजींचा गुडघा, आजींची मालिका, ताईचा स्वयंपाक. शेवटी चिमणीला विचारलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येते, पण मामा, तू फार हळू चालतोस."