दगडूचा बिल्ला

(टिटवाळा, १९५४. सकाळची वेळ. मिठागरांचा मालक काळुराम वाडीच्या ओसरीवर झोपाळ्यावर बसलेला. त्याच्या रेसच्या घोड्याचा सईस दगडू मुंबईहून आलाय, पण पायरी चढत नाही. काळुरामची आई आवडाबाई आत चुलीपाशी.)

दगडू : बसायला आलो न्हाई मी, शेट. रेसकोर्सच्या साहेबांनी छातीवरचा बिल्ला काढून घेतला. सगळ्या तबेल्यापुढं!

काळुराम : हळू बोल. आई आत आहे.

दगडू : बावीस वर्सं घोड्यांच्या पायाशी बसून काढली. आता कुठल्या तबेल्याच्या दारात उभा करतील मला? म्हनत्यात, दगडूनं औषीद चारलं म्हनून घोडा पयला आला.

काळुराम : त्यांनी घोड्याची लाळ तपासली, त्यात निघालं. चहा-कॉफीत असतं ना, तसलंच काहीतरी तेजी आणणारं. मी काय करणार? माझाही जिंकलेला कप गेला.

दगडू : कप गेला म्हनं! शेट, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. मी चारीन त्याला कायबाय?

काळुराम : तू चारलंस असं मी कुठे म्हटलं?

दगडू : चारलं न्हाई असं तरी कुठं म्हनला? साहेबांनी तुमाला इचारलं. तुमी खाली मान घालून उभं, मुक्यावानी!

काळुराम : अरे, इंग्रजीत चाललेलं सगळं. मी काय बोलणार?

दगडू : घोड्याचं नाव इंग्रजीत ठेवताना बरं बोलता आलं!

काळुराम : जास्त बोलतोयस, दगडू. तुला वाऱ्यावर सोडणार नाहीये मी. इथे वाडीवर राहा. बैल बघ, गाडी बघ, खा-पी—

दगडू : बैल? माझ्या तोंडाला काळं फासलं आनि वर बैल राखायला ठेवताय? थू असल्या खान्यावर!

आवडाबाई : (चहा घेऊन बाहेर येत) कोन वरडतंय यवरा? अरे, दगडू! कवा आलास रं? काल्या, त्याला बस पन नाय बोल्लास? घे दगडू, चा घे.

दगडू : नको, आई.

आवडाबाई : नको कसा? माझे घरशी कोन उपाशी पोटी कामाला जात नाय. मिठागराव जानारा गडी असो, नायतर आपला बाला. त्या दिशी मुंबईला मीनी त्याला भाकर चारली, तवा कुठं माझा जीव थंड झाला.

दगडू : कुनाला चारली?

आवडाबाई : आपले घोड्याला! धावाचे आदी. पाय सुजलेला तवा चार महिने हिकरं वाडीत नव्हता का? तवाशी सवय त्याला. कोऱ्या चात भाकर भिजवून दिली का कशी मान हालवतो! मी डबाच नेलता फडक्यान बांधून.

दगडू : कोऱ्या चहात.

आवडाबाई : चांगला काला उकलवून. तू नव्हतास. काल्या बोल्ला, दगडूला मीनी पान्याला धारलाय, तो बघल तं वरडल, दे लवकर.

दगडू : शेट...

काळुराम : दगडू, ऐक माझं—

दगडू : पयल्या दिवशी सांगितलं हुतं, घरचा घास त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. रेसच्या दिवशी तर गवताची काडीबी माझ्या हातनंच जायाची. आनि तुमी मला बादली देऊन पिटाळलं!

काळुराम : आईला नाही म्हणू का? एवढी लांबून आलेली ती. एका भाकरीने काय होतंय, असं वाटलं. चहा लाळेत निघतो हे मला काय माहीत?

दगडू : तवा माहीत नव्हतं. साहेबांनी कागद वाचून दावला, तवा?

काळुराम : (झोपाळ्यावरून उठत) आधी चहा घे तू.

दगडू : तवा कळलं का न्हाई, शेट?

काळुराम : कळलं.

आवडाबाई : काय कळला? मना कोन सांगल का नाय?

दगडू : आई, त्या चहानं घोडा बाद झाला. साहेब म्हनत्यात, दगडूनंच चोरून औषीद दिलं.

आवडाबाई : भाकर मीनी दिली. तुझा नाव कसा?

दगडू : लेकाला इचारा.

काळुराम : आये, मालकाच्या घरच्या माणसाने चारलं असं निघालं की मालकच बाद होतो. घोडा विकावा लागतो. परत मैदानात पाऊल टाकता येणार नाही मला. आपल्या अख्ख्या आगरात कोणाचा घोडा धावला होता आजवर? बाबांनी जन्मभर मीठ ओढलं, आणि आज त्यांच्या पोराशी साहेब लोक हात मिळवतात! ते सगळं घालवू? दगडूला काय, कुठेही काम—

आवडाबाई : गप! मिठानी तुझे बापाचे पाय फाटले, पन आपली चूक दुसऱ्याचे नावाव त्यानी कदी ढकलली नाय. माझी भाकर याचे गल्यात मारलीस? आनि यवरे दिस माझेच हातचा जेवतोस?

काळुराम : आये, घोडा जाईल गं.

आवडाबाई : जाईल तं जाईल. रडाचा तं मी रडन. कागद आन.

दगडू : आई, तुमचं नाव नगा घालू त्यात. साहेब लोकांत चर्चा हुईल.

आवडाबाई : होव दे. भाकर दिल्याची लाज वाटाची काय मना? काल्या, बस खाली. लिव.

काळुराम : लिहितो. ‘माझ्या आईने अजाणतेपणी घोड्याला—’

आवडाबाई : थांब. माझा नाव मागशी लिव. पयला लिव, मी बाजूला उभा राहून बघत व्हतो.