फोटोतली चावी

अहो नाही ताई, कुलूप बिघडलेलं नाही, ठाऊक आहे मला—मागच्या महिन्यात मीच बसवलंय की. तरी बदलायचं. हे नवं मी आणलंय, माझ्याच दुकानातलं, तुम्ही काही द्यायचं नाही. जरा बाजूला सरकता का, उजेड अडतोय—हां. सांगतो ना का ते. हात चालू ठेवून सांगतो, नाहीतर माझा आवाज चढेल, आणि चढलेला आवाज माझ्या घरातसुद्धा कोणी ऐकला नव्हता, या आठवड्यापर्यंत.

तो फोटो. तुमचाच—ह्याच दारात, नवी चावी अशी वर धरून हसताय. मी हत्यारं पिशवीत भरत होतो तेव्हा आमच्या सूनबाईंनी काढला. तुम्हाला विचारून काढला, हो, पण तुमची काय चूक? दुकानातलीच माणसं उभं राहा म्हणतात तर माणूस उभा राहतो. चूक आमची. मोबाइलवर दुकानाचं पान चालवते ती. वाईट पोर नाही हं—माश्या मारत बसायची वेळ आली होती माझ्यावर, ती फोटो टाकायला लागल्यापासून माणसं येतात, नाकारत नाही मी. माझ्या हातांचे फोटो, पितळेच्या भुशाचे फोटो—‘बाबा, जरा हळू कानस मारा, उजेड छान पडलाय.’ अगं, पन्नास वर्षं हळूच मारतोय. तिथवर हसलो मी. पण चावी? माझ्या गुरूनं पहिल्या दिवशी हातात कानस दिली नाही, एवढंच शिकवलं—गिऱ्हाइकानं चावी दिली की आधी मूठ मिटायची. दाते कोणाला दिसता कामा नयेत, शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या सख्ख्या भावालाही नाही. आणि इथं काय? चावीचा एकेक दाता, तुमचा चेहरा, दाराचा रंग, वर घराचा नंबर, मागे खुर्चीत बसलेल्या तुमच्या आई—राहिलं काय मग? खाली लिहिलंय, ‘आता निर्धास्त राहा.’ चार हजार लोकांनी अंगठा दाखवलाय त्याला. सुनेला विचारलं तर म्हणते, बाबा, एवढं निरखून कोण बघतं? म्हटलं, कोणी बघत नाही तर टाकतेस कशाला? मुलगा मध्ये पडला—म्हणे जुन्या माणसांना जिकडेतिकडे चोरच दिसतात. चोर नाही रे दिसत, दाते दिसतात. दोन बोटांनी फोटो ताणला की मोजून घ्या. काढून टाकला तिनं शेवटी, रडत रडत. पण तोवर कोणाकोणाकडे गेला ते तिलाही सांगता येईना. भुसा वाऱ्यावर गेला की गोळा करता येतो का?

आता जरा ठोकावं लागेल, आईंना सांगून ठेवा, दचकतील. झोपल्यात? ह्या वेळी? गोळी दिलीय—कसली गोळी? भास होतात म्हणजे? कधीपासून?

मंगळवारपासून. दार उघडलं म्हणतात. कोणीतरी आलं, हाक मारली तर बोललं नाही. आणि तुम्ही—हं. चिडलात त्यांच्यावर. रोज तेच ते ऐकून माणूस चिडतंच. उद्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेताय.

थांबा जरा, पेच पडला हातातून. असू दे, मी उचलतो.

ताई, फोटोवरून चावी होऊ शकते, एवढंच सांगून मी जाणार होतो. तुम्ही मानलंही असतं. पण मला तरी खात्री कशी व्हावी—मुलगा म्हणाला होता, फोटोवरून करून दाखवा. मग फोटो पुढ्यात ठेवला, कोरी चावी घेतली, तासाभरात केली. मनात म्हणत होतो, लागू नये. मंगळवारी अकराच्या सुमाराला आलो. दोनदा बेल वाजवली, कोणी येईना—त्यांना उठता येत नाही हे मला काय ठाऊक. घातली. फिरली ती. तुमच्या चावीपेक्षा मऊ फिरली. आणि मी, खोटं कशाला बोलू, खूश झालो. क्षणभर. हात अजून चालतो म्हणून. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘आलीस का गं? आज लवकर?’ ‘मी कुलूपवाला’, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणालो. दार ओढलं आणि जिना उतरलो, चोरासारखा, ह्या असल्या गुडघ्यांनी. सुनेवर ओरडलो ते त्याच दुपारी. तिच्या वाट्याचंही तिलाच बोललो आणि माझ्या वाट्याचंही.

ही ती चावी. घ्या. आता ह्या दाराला लागायची नाही.

नाही, बसत नाही. पाणीही नको. एवढे दोन पेच आवळले की निघालो—हो, हेही दुसऱ्याकडून बदलून घ्या, घ्याच, मला राग नाही. तीन चाव्या आहेत, पाकीट फोडलेलं नाही, तुमच्या हातानं फोडा. पण त्यांना ती गोळी पुन्हा देऊ नका, ताई. त्यांना नीट ऐकू आलं होतं. उठवा आणि सांगा, माणूस होता, म्हातारा होता, बोलला नाही ते त्याचं चुकलं. मी नाही सांगत, मला नाही जमायचं. तुम्ही सांगा. जातो—जातोय ना. जा, आधी त्यांना उठवा. नाही, थांबा. आधी दार लावा.