पान चौसष्टवरचं वाक्य

भाऊजी: दोन तारे! पाचापैकी फक्त दोन! वहिनी, ही बाई कोण, कुठली, आपल्या सगळ्या मेहनतीवर बोळा फिरवून गेली. आधीचे सहाही रिव्ह्यू पाच-पाच ताऱ्यांचे होते.

वहिनी: त्यातले चार तुमच्या पत्ते खेळणाऱ्या मित्रांचे. त्यांनी पुस्तक उघडलंही नसेल.

भाऊजी: सुरुवातीला तसंच करावं लागतं. पुस्तकं कशी खपवायची ते शिकवणाऱ्या त्या वेबिनारवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या महिन्यात सरासरी घसरली की खेळ खलास. मग कुणी शोधलं तरी पुस्तक वर येत नाही.

वहिनी: भाऊजी, मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली ती काय तारे मोजायला? अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी कसं करायचं, एवढंच सांगायचं होतं. मी लिहून दिलं, तुम्ही त्याचं ई-बुक केलंत, छापील पुस्तक केलंत. विषय संपला.

भाऊजी: संपला कसा? आता कुठे सुरुवात! मी कधीचा म्हणतोय, एक व्हिडिओ करू. लेखिकेचा चेहरा दिसला की लोकांचा विश्वास बसतो.

वहिनी: माझा चेहरा बघून कुणाच्या पाठीच्या जखमा भरणार आहेत? त्या बाईने लिहिलंय काय, ते वाचा आधी.

भाऊजी: काही नाही हो, उगाच खुसपट काढलंय. "पुस्तक उपयोगी आहे. पण पान एक्कावन्नवर म्हणतात रुग्णाला बसवून भरवा, आणि पान चौसष्टवर म्हणतात जेवण झालं की आडवं करा. स्वतःला नर्स म्हणवणाऱ्या बाईने..." जाऊ दे, पुढचं नाही वाचत.

वहिनी: चौसष्ट काढा.

भाऊजी: अहो, अशा लोकांना आपण एक गोड उत्तर द्यायचं, की ताई, आपल्या सूचनेबद्दल...

वहिनी: पान चौसष्ट काढा, भाऊजी.

भाऊजी: काढतो, काढतो. हे घ्या. "जेवण भरवून झाल्यावर रुग्णाला आडवं करून विश्रांती द्यावी." काय चुकलंय यात? चांगलं सुटसुटीत वाक्य आहे.

वहिनी: हे माझं वाक्य नाही.

भाऊजी: म्हणजे?

वहिनी: थांबा, वही आणते. ही बघा. तुम्हीच वाचा, मोठ्याने.

भाऊजी: "जेवण भरवून झाल्यावर रुग्णाला पाठीशी उशा देऊन निदान अर्धा तास बसतं ठेवावं आणि मगच आडवं करून विश्रांती द्यावी." हां. हो. ते जरा कमी केलं मी.

वहिनी: जरा?

भाऊजी: शेवटचे दोन शब्द पुढच्या पानावर लटकत होते. अख्खं पान कोरं, वर नुसतं "विश्रांती द्यावी". किती भिकार दिसत होतं! म्हणून मधलं काढलं. अर्थ तोच राहतो ना?

वहिनी: अर्थ तोच राहतो? पोटभर भरवून लगेच आडवं केलं तर अन्न वर येतं, श्वासनळीत जातं. त्याने माणूस जातो, भाऊजी. वॉर्डात पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला हे.

भाऊजी: अहो, पण... मला काय माहीत...

वहिनी: माहीत नव्हतं तर विचारायचं! एक फोन करायचा! मुखपृष्ठाचा निळा रंग गडद हवा की फिका, यासाठी अकरा फोन केलेत मला. अकरा! आणि वाक्य कापताना एकही नाही?

भाऊजी: छापील नमुना आणून दिला होता मी तुम्हाला. तपासून द्या म्हटलं होतं. तुम्ही "ठीक आहे" म्हणालात.

वहिनी: ...म्हणाले.

भाऊजी: मग?

वहिनी: पहिली दहा पानं वाचली. पुढे अक्षरं नाचायला लागली. मोतीबिंदू पिकलाय हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून ठीक आहे म्हणाले. ती चूक माझी. आता सांगा, किती जणांकडे गेलंय?

भाऊजी: एक्केचाळीस. एकोणतीस ई-बुकं, बारा छापील. काल याचाच मला किती आनंद झाला होता.

वहिनी: त्यांची नावं-पत्ते द्या.

भाऊजी: ते आपल्याला मिळत नाहीत.

वहिनी: म्हणजे काय? पुस्तक माझं, विकत घेतलं त्यांनी, आणि मला नाव कळायचं नाही?

भाऊजी: ऑर्डर कंपनीकडे जाते. कंपनी एक प्रत छापते आणि परस्पर पाठवते. आपल्याला फक्त आकडा दिसतो. थांबा, त्यांच्या मदत कक्षात विचारतो. हं, लिहिलं. आलं उत्तर. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

वहिनी: अभिप्राय कुठे दिलाय आपण?

भाऊजी: परत लिहितो. "पुस्तकात धोकादायक चूक आहे, ग्राहकांना कळवा." हे बघा आलं. "आपले पुस्तक अधिक वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी जाहिरात योजना निवडा."

वहिनी: समोर माणूस आहे की कोण आहे?

भाऊजी: यंत्र असावं. आता माणसाशी बोलायचंय असं लिहिलं. म्हणतात, ग्राहकांची माहिती देता येत नाही. सुधारित फाईल टाका, तपासणीला तीन दिवस लागतील.

वहिनी: आणि तीन दिवस हेच विकत राहणार? विक्री बंद करा.

भाऊजी: वहिनी, विक्री थांबली की क्रमवारी कोसळते. इतक्या कष्टाने आपल्या विभागात विसाव्या नंबरवर...

वहिनी: बंद करा म्हणते ना!

भाऊजी: केली. झाली बंद. पण एवढं ओरडायला नको होतं. मी हे काही स्वतःसाठी केलं नाही. दादासाठी केलं.

वहिनी: दादासाठी? चार वर्षं त्या खोलीत पडून होते तुमचे दादा.

भाऊजी: येत होतो मी.

वहिनी: येत होतात. उंबऱ्यावर उभं राहून "कसा आहेस" विचारायचात आणि चपला घालायचात. एकदा जरी त्यांना घास भरवला असतात, तर ते वाक्य कापताना तुमचा हात थांबला असता.

भाऊजी: मला बघवत नव्हतं, वहिनी. माझ्या सायकलला धरून पळणारा दादा तो. त्याच्या हनुवटीवरून भात ओघळताना नाही बघवायचं.

वहिनी: मलाही नव्हतं बघवत. तो मोबाइल उभा करा. करायचा होता ना व्हिडिओ?

भाऊजी: आत्ता? या घरच्या गाऊनवर?

वहिनी: गाऊनवर.

भाऊजी: बरं. सुरुवातीला नमस्कार म्हणा, थोडं हसून...

वहिनी: हसू कशाला? माझ्या पुस्तकात चूक आहे. पान चौसष्ट. जेवण भरवल्यावर माणसाला आडवं करू नका. अर्धा तास बसतं ठेवा. पुस्तक असेल तर ती ओळ पेनने खोडा. शंका असेल तर मला फोन करा, नंबर खाली आहे. झालं. आता ज्या ज्या गटांवर जाहिराती टाकून लोकांना वात आणलात, तिथे तिथे हा टाका.

भाऊजी: तीन गटांनी मला काढून टाकलंय.

वहिनी: मग त्यांच्या पाया पडा. आत घ्या म्हणावं.

(दोन दिवसांनी. वहिनींचा फोन वाजतो.)

फोनवरची बाई: पुस्तकवाल्या सिस्टर का? मी तुमचं पुस्तक मागवलं होतं, सासूबाईंसाठी. माझ्या बहिणीने आत्ता व्हिडिओ पाठवला, आणि मी तर... मी तर आत्ताच त्यांना भरवून आडवं केलं हो! खोकतायत त्या.

वहिनी: घाबरू नका. फोन स्पीकरवर टाका, बाजूला ठेवा. त्यांच्या खांद्यामागे हात घाला आणि बसतं करा. जमतंय?

फोनवरची बाई: हो. बसल्या.

वहिनी: पाठीमागे उशा लावा, दोन-तीन. मान मागे पडू देऊ नका. तोंडात घास राहिलाय का बघा.

फोनवरची बाई: आहे थोडा गालात. काढला.

वहिनी: छान. आता त्यांना त्यांचं नाव विचारा. आवाज नेहमीसारखा येतो का, की पाणी भरल्यासारखा?

फोनवरची बाई: नेहमीसारखा. मलाच रागावतायत, नाव काय विचारतेस म्हणून.

वहिनी: रागावू दे. ओठ निळसर नाहीत ना? श्वासाला धाप? नाही? मग अर्धा तास अशाच बसू द्या. पण आज त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि ताप आला, धाप लागली, छातीत घरघर झाली, तर क्षणभरही थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

फोनवरची बाई: हो. हो सिस्टर. मी रोज असंच करत होते, आठवडाभर.

वहिनी: चूक तुमची नाही. चूक पुस्तकाची. संध्याकाळी मला परत फोन करा, कशा आहेत सांगा. ठेवते.

भाऊजी: वहिनी, पाणी घ्या.

वहिनी: आठवडाभर, भाऊजी. आठवडाभर ती माझं ऐकून...

भाऊजी: माझं ऐकून. वाक्य माझं होतं.

वहिनी: बसा जरा.

भाऊजी: परत वाजतोय. अनोळखी नंबर आहे. घेताय ना?

वहिनी: तुम्ही घ्या.

भाऊजी: मी? मी काय सांगणार?

वहिनी: आत्ता ऐकलंत ना सगळं? तेच सांगा. आणि सावकाश बोला, समोरचं माणूस घाबरलेलं असतं.